खळे कोणाच्या अंगणात?

गोष्ट लिहून तयार आहे, चित्रे काढणारा हवा आहे. मानधन देता येणार नाही, पण जो नफा होईल त्यात निम्मा वाटा मिळेल, अशा स्वरूपाची आवाहने आता मोबाइलच्या पडद्यावर वारंवार दिसू लागली आहेत. छापील चित्रकथांची जागा इंटरनेटवर क्रमश: प्रसिद्ध होणाऱ्या चित्रमालिकांनी पुष्कळ अंशी घेतली आहे. दर आठवड्याला एक भाग यावा, वाचकाने तो पडदा वर सरकवीत वाचावा आणि पुढच्या भागाची वाट पाहावी, असा हा प्रकार आहे. उत्पन्न येते ते जाहिरातींतून, वर्गणीतून किंवा पुढचा भाग आधी वाचायला मिळावा म्हणून वाचकाने मोजलेल्या चार पैशांतून. त्यासाठी छापखाना लागत नाही, कागद लागत नाही, विक्रेत्याचे कमिशन द्यावे लागत नाही. लागतात ती दोन माणसे: एक गोष्ट रचणारा आणि दुसरा ती रेखाटणारा. पहिल्याला दुसऱ्याची गरज असते, पण त्याच्यापाशी पैसा नसतो. म्हणून तो पैशाऐवजी वाटा देऊ करतो.

हे आवाहन मुंबई-पुण्यापुरते राहण्याचे काही कारण नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील टोकावड्यासारख्या गावातही मोबाइल पोचला आहे, आणि चित्रे काढणारी मुले तर तेथे पहिल्यापासूनच आहेत. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्यांवरून आणि कुणबी घरांतून शाळेत येणाऱ्या मुलांपैकी काही जण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. दहावीच्या निकालात त्यांना थोडे वाढीव गुण मिळतात आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या कलेचा व्यावहारिक उपयोग तेथेच संपतो. अशा मुलाला कोणी 'तुझ्या हाताला निम्मा नफा' म्हणाले, तर तो हुरळून जाणे स्वाभाविक आहे. त्याने संधी नाकारावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. होकार देण्यापूर्वी त्याने हिशेब विचारावा आणि तो विचारण्याचे बळ त्याच्या शिक्षकांनी व पालकांनी त्याला द्यावे, एवढेच म्हणणे आहे.

भागीदारीची परंपरा

कलावंतांनी वेतनाऐवजी वाटा घ्यावा, ही कल्पना मुळात वाईट नाही. महाराष्ट्रात तिला चांगली परंपरा आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' उभी राहिली, ती भागीदारीतूनच. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कलावंत होते. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या कंपनीत राबणारे हात स्वत:च्या कंपनीचे मालक झाले आणि त्यांनी 'संत तुकाराम'सारखे चित्रपट दिले. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' हा स्वत:चा अंक काढला, तेव्हाही कुंचला धरणाराच मालक झाला होता. १९९१ पासून मराठी वाचकांच्या सकाळीचा भाग झालेला 'चिंटू' हा तर लेखक आणि चित्रकार यांच्या जोडीचेच अपत्य. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ही दोन्ही नावे वाचकांना एकदमच आठवतात, यातच त्या सहकार्याचे यश आहे.

परंतु या उदाहरणांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'प्रभात'च्या भागीदारांत भांडवल घालणारा एक जण होता; पहिला चित्रपट पडद्यावर येईपर्यंतचा काळ निव्वळ आशेवर काढलेला नव्हता. 'चिंटू'मागे रोज निघणारे आणि रोज खपणारे वृत्तपत्र होते. दलालांच्या हाती त्यांचा स्वत:चा अंक होता. म्हणजे कोठे भांडवल होते, कोठे बाजारपेठ होती, तर कोठे मालकी होती. आजच्या आवाहनांत बहुधा यांपैकी काहीच नसते. असते ते वाट्याचे आश्वासन. म्हणून त्याची परीक्षा अधिक काटेकोरपणे केली पाहिजे.

खळ्यावरची वाटणी

वाट्याचा व्यवहार आपल्या भागाला नवा नाही. भातशेती अर्धेलीने करणे म्हणजे काय, हे मुरबाड-शहापूरकडच्या माणसाला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि पीक दोघांचे. या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता. तो इतका होता की, त्यासाठी १९४८ साली कूळ कायदा करावा लागला. तरी तिच्यात एक गुण होता. पीक कापून खळ्यावर येत असे, झोडणी दोघांच्या डोळ्यांदेखत होत असे आणि रास समोर दिसत असे. वाटा कमी-जास्त असेल, पण किती पिकले याबद्दल वाद घालायला फारशी जागा नव्हती.

इंटरनेटवरील चित्रमालिकेत खळेच अदृश्य आहे. किती जणांनी भाग वाचला, किती जाहिराती दाखवल्या गेल्या, किती वर्गणी जमली, मालिका दाखविणाऱ्या कंपनीने स्वत:चा हिस्सा किती कापला आणि बाकी कोणत्या तारखेला जमा झाली, हे सारे ज्याच्या नावाने खाते उघडलेले असते त्यालाच दिसते. हे खाते बहुधा लेखकाचे असते, कारण कल्पना त्याची आणि पुढाकारही त्याचा. चित्रकाराला दिसते ते केवळ त्याने सांगितलेले. लेखक प्रामाणिक असला तरी या स्थितीत फरक पडत नाही. ज्या व्यवहारात एकालाच सारी माहिती असते, तो व्यवहार दुसऱ्याच्या विश्वासावरच उभा असतो आणि विश्वासावर उभा असलेला व्यवहार पैसा येऊ लागला की डळमळतो. पहिले सहा महिने काहीच उत्पन्न नसते, तेव्हा दोघांत गाढ स्नेह असतो. सातव्या महिन्यात दोन हजार रुपये आले की हिशेब सुरू होतो, आणि तोपर्यंत हिशेबाची वही कोणी ठेवलेलीच नसते.

टोकावड्याहून पुढे वैशाखऱ्यावरून वर गेले की नाणेघाट लागतो. तेथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळातील शिलालेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याचे आकडे कातळात कोरलेले आहेत. राजघराण्याने केलेल्या दानाचासुद्धा आकडा लिहून ठेवावा असे ज्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटले, त्या मुलखातल्या मुलाने आपल्या श्रमाचा आकडा विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

'नफा' या शब्दाकडेही जरा निरखून पाहिले पाहिजे. उत्पन्न वेगळे आणि नफा वेगळा. उत्पन्नातून खर्च वजा केला की नफा उरतो आणि खर्च कोणता धरायचा हे ज्याच्या हाती खाते तोच ठरवतो. जाहिरातीचा खर्च, संगणकाचा खर्च, प्रवासाचा खर्च असे करता करता उत्पन्न असूनही नफा शून्यावर आणता येतो. म्हणून ज्याला खर्चावर नियंत्रण नाही, त्याने नफ्यातला निम्मा वाटा घेण्यापेक्षा उत्पन्नातला लहान वाटा घेणे अधिक शहाणपणाचे. जुन्या व्यापाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. आपल्या पदवीधरांना मात्र ते सांगावे लागते.

निम्मे म्हणजे समान नव्हे

आता श्रमाचा हिशेब पाहू. समजा, बारा भागांची एक मालिका आहे आणि प्रत्येक भागाची पाच पाने, म्हणजे एकूण साठ पाने आहेत. लेखकाला एक भाग लिहायला एक दिवस लागला, तर त्याचे बारा दिवस होतात. चित्रकाराला आराखडा, रेखाटन, शाई, रंग आणि फुग्यांतील अक्षरे मिळून एका पानाला एक दिवस लागला, तर त्याचे साठ दिवस होतात. वर्षअखेर तीस हजार रुपये आले आणि ते निम्मे निम्मे वाटले, असे धरा. प्रत्येकाला पंधरा हजार मिळाले. वाटणी समान दिसते. पण लेखकाला त्याच्या एका दिवसाचे साडेबाराशे रुपये पडले आणि चित्रकाराला अडीचशे. दिवसांच्या प्रमाणात वाटणी केली असती, तर चित्रकाराला पंचवीस हजार आणि लेखकाला पाच हजार मिळाले असते.

यावर लेखकाची बाजू अशी मांडली जाईल की, कल्पना सुचायला दिवस मोजता येत नाहीत. मालिका वाचकांपर्यंत नेण्याची यातायात तोच करतो. चित्रकार मध्येच सोडून गेला तर त्याचेही लिखाण वाया जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. श्रमाचे दिवस हेच मूल्याचे एकमेव माप नव्हे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. वस्तुत: अनेकदा हा लेखकही कोणी धनिक नसतो, तोही नोकरी शोधणारा पदवीधर किंवा एखाद्या कचेरीतला कारकून असतो. त्याला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न यशाचा नसून अपयशाचा आहे. मालिका चाललीच नाही, एक पैसाही आला नाही, तर काय होते? लेखकाचे बारा दिवस जातात आणि चित्रकाराचे साठ. शिवाय लेखकाजवळ त्याची कथा शिल्लक राहते. ती तो दुसऱ्या चित्रकाराकडे नेऊ शकतो, तिची कादंबरी करू शकतो. दुसऱ्याच्या कथेसाठी काढलेली साठ पाने चित्रकाराला दुसरीकडे क्वचितच उपयोगी पडतात. सारांश, नफा निम्मा वाटलेला असला तरी जोखीम निम्मी वाटलेली नसते. ती मोठ्या अंशी ज्याला ती सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्या माथी पडते.

उचल आणि हमी

मग चित्रकाराला आधी काही रक्कम द्यावी, असा उपाय सुचतो. तो योग्य आहे. पण त्यातही एक मेख आहे. ठाणे जिल्ह्यातील श्रमिकांना आगाऊ रकमेचा अर्थ कडू अनुभवातून ठाऊक आहे. सुगी संपली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. वही मालकाची, हिशेबही मालकाचा, आणि पावसाळ्यापूर्वी घरी परतताना उचल फिटली की नाही हे त्याच वहीत पाहायचे. कर्जापायी माणूस बांधून घेण्याच्या प्रथेविरुद्ध या जिल्ह्यातील वारली १९४५ साली उठले, आणि वेठबिगारी नष्ट करण्यासाठी देशाला १९७६ साली कायदा करावा लागला. चित्रकाराच्या टेबलाची आणि वीटभट्टीची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल, हे मान्य. तरीही पुढच्या कमाईतून वळती करून घ्यायची रक्कम आणि कामाचा मोबदला म्हणून दिलेली रक्कम यांतला भेद दोन्हीकडे सारखाच आहे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे दक्षिण कोरियाकडे पाहिले म्हणजे कळते. इंटरनेटवरील चित्रमालिकांचा धंदा त्या देशाने सर्वांत पद्धतशीर उभा केला. नेव्हर या कंपनीने २००४ साली अशा मालिकांना सुरुवात केली आणि २०१३ मध्ये जाहिराती व इतर उत्पन्नाचा वाटा चित्रकारांना देण्याची योजना आणली. आज त्या धंद्याचा पसारा जगभर आहे. त्या समूहातील वेबटून एंटरटेनमेंट या कंपनीचे भाग २०२४ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात विक्रीस आले. पण तेथेही चित्रकारांची एक तक्रार राहिली आहे: किमान हमी म्हणून दिलेली रक्कम पुढील उत्पन्नातून कापली जाते आणि ती फिटेपर्यंत वाट्याचे पैसे हाती पडत नाहीत. करारांतील अन्यायकारक कलमे २०१८ मध्ये तेथील स्पर्धा-नियामक यंत्रणेला बदलायला लावावी लागली. भरभराटीला आलेल्या धंद्यात जर ही स्थिती, तर ज्या धंद्याची आपल्याकडे अजून नीट सुरुवातही झालेली नाही, त्यात सावधगिरी अधिकच हवी.

आणि हक्क कायमचे विकून टाकण्याचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण चित्रकथांच्या इतिहासात सर्वांत ठळक आहे. जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार या दोन तरुणांनी 'सुपरमॅन' निर्माण केला आणि १९३८ साली त्याचे सर्व हक्क १३० डॉलरना देऊन टाकले. त्या पात्राने इतरांना अमाप संपत्ती दिली. या दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि आपल्या नावांचा उल्लेख मिळवायला १९७५ साल उजाडावे लागले.

कायदा काय म्हणतो

आपला कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेखाटन ही कलाकृती आहे, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत; आणि हक्क मिळण्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असेही नाही. सर्वसाधारणपणे चित्राचा पहिला मालक चित्रकारच असतो. मात्र त्याला अपवाद आहेत. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेले चित्र उलट करार नसेल तर मालकाचे होते. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राबाबतही तसेच आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. हक्क दिल्यानंतरही कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार कर्त्यापाशी राहतो.

२०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा सोडून देताच येणार नाही, असे संरक्षण तिने दिले. दुबळ्या बाजूने सही करून दिली तरी तिचा वाटा जाऊ नये, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. पण चित्रकार त्या संरक्षणाच्या बाहेरच राहिला. चित्रमालिका आता करमणुकीच्या धंद्याचा भाग होत असताना हे तत्त्व रेखाटणाऱ्याच्या हातालाही का लागू होऊ नये, असा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा.

'भागीदार' हा शब्दही जपून वापरला पाहिजे. नफ्यात वाटा मिळाला म्हणजे माणूस कायद्याने भागीदार झालाच, असे नाही. पण खरोखरच भागीदारी ठरली, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, उलट करार नसल्यास, नफा जसा सारखा वाटला जातो तसाच तोटाही सारखा वाटला जातो आणि पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. शिवाय अठरा वर्षांखालील मुलाला करार करता येत नाही, हे शाळांनी विसरू नये.

काय करता येईल

तेव्हा चित्रकाराने आणि त्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, प्रत्येक पानामागे थोडा का होईना, पण परत न करावयाचा मोबदला मिळावा. तो शक्य नसेल तर साठ पानांचा संकल्प न करता आधी आठ-दहा पानांची एक पूर्ण गोष्ट करून पाहावी. दुसरी, वाटा नफ्यात नव्हे, उत्पन्नात असावा. आणि दोघांच्या श्रमाचे दिवस भरून निघेपर्यंत तो दिवसांच्या प्रमाणात वाटावा, त्यानंतर निम्मे निम्मे करायला हरकत नाही. तिसरी, उत्पन्नाचे खाते दोघांनाही केव्हाही पाहता यावे आणि दरमहा हिशेबाचा कागद मिळावा. चौथी, पुस्तक, चित्रपट किंवा चलत्चित्र निघाल्यास पात्रांच्या रूपावर कोणाचा किती हक्क, हे आधीच लिहावे. पाचवी, वेगळे कसे व्हायचे हेही लिहावे. 'प्रभात'मधूनही धायबर बाहेर पडले, १९४२ साली शांताराम बाहेर पडले. माणसे वेगळी होतात, यात अशुभ काही नाही. न ठरवता वेगळी होतात, तेव्हा कज्जे होतात.

हे सारे एका पानाच्या मराठी करारात मावते. त्यासाठी प्रत्येक वेळी मुरबाडच्या किंवा कल्याणच्या वकिलाकडे जाण्याची गरज पडू नये. ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागांनी असा एक नमुना तयार करून ठेवावा, चित्रकलेच्या शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांना समजावून द्यावा आणि गावात जो कोणी कारकून, ग्रामसेवक वा शिक्षक कागद वाचू जाणतो त्याने सही होण्यापूर्वी तो एकदा नजरेखालून घालावा. हे काम फार मोठे नाही. पण ते न केल्याची किंमत काय असते, हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. १ एप्रिल १९५७ रोजी कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले, तेव्हा ज्यांचे नाव कागदावर होते ते तरले. पिढ्यान्पिढ्या कसूनही ज्यांचे नाव कोठेच लिहिलेले नव्हते, त्यांच्यापैकी कित्येकांची जमीन गेली.

रेघेचेही असेच आहे. कसणाऱ्याप्रमाणे रेखाटणाऱ्याचेही नाव कागदावर असले पाहिजे आणि रास पडते तेथे उभे राहण्याचा त्याला हक्क असला पाहिजे. कोणी निम्मा वाटा देऊ केला तर टोकावड्याच्या मुलाने तो जरूर घ्यावा. मात्र वाटा किती हे विचारण्याआधी खळे कोणाच्या अंगणात आहे, हे विचारावे.